परसातला दुसरा ओटा

आमच्या शेजारच्या नळवाल्याला सगळे पाना म्हणतात, कारण जेवतानाही खिशात पाना असतो. हाताला गुण मोठा, पण दुसऱ्याचं बरं झालं की याच्या पोटात दुखलंच म्हणून समजा.

पूर्वी आमच्या भागात एका प्लॉटवर एकच घर, स्वयंपाकाचा एकच ओटा, असा नियम. त्यामुळे लग्न झालेली मुलं लांब भाड्याने जायची, आणि भाडी तर विचारू नका. पानाची लेक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका खोलीत, अर्धा पगार घरमालकाच्या घशात. मग नगरपालिकेने नियम बदलला. परसात दुसरं छोटं घर चालेल, फक्त कुंपणापासून चार फूट सोडा.

पानाच्या पलीकडे राहणाऱ्या कंपाउंडरने लगेच दोन खोल्या काढल्या. मुलगा-सून परत आले. तिकडून सुनेचं हसू ऐकू आलं की पाना उठून आमच्या पायरीवर यायचा.

"काका, त्याची पोरं घरी आली, माझी तिकडेच. त्याला काय सोनं लागलंय?"

"त्याने घर बांधलं. तू परसात तीस वर्षांचे फुटके पाइप रचलेस."

"लागतात कधीतरी."

एके सकाळी पानाने टेप घेऊन कुंपणावरूनच कंपाउंडरच्या नव्या भिंतीपर्यंत मोजलं. साडेतीन फूट! अंगात वारं भरल्यासारखा गेला आणि तक्रार ठोकून आला.

तपासायला नगरपालिकेच्या बाई आल्या. त्यांनी खाली वाकून कुंपणाच्या बुडाशी दोरी लावली आणि टेप धरली. "भिंत बरोबर चार फुटांवर आहे. तुमच्या पाइपांच्या ढिगाने कुंपणच अर्धा फूट तिकडे रेललंय."

कंपाउंडर मिशीत हसला.

तेवढ्यात पानाची बायको पुढे झाली. "बाई, टेप काढलीच आहे तर आमचंही परस मोजा. पोरीला जवळ आणायचंय."

बाईंनी मोजलं. "ढीग हलवा, दोन खोल्या आरामात बसतात."

भंगारवाल्याने तीन फेऱ्या केल्या. प्रत्येक फेरीला पाना एखादा पाइप काढून घ्यायचा, बायको तो परत गाडीत टाकायची. पावणेदोन महिन्यांत लेक-जावई सामानासकट हजर.

ओटा पानाने स्वतः बसवला. मला हात धरून दाखवायला नेलं. "सिंक बघा काका. त्याच्यापेक्षा दोन इंच मोठं."

सरळ केलेल्या कुंपणावरून कंपाउंडरचं डोकं वर आलं.

"किती इंची म्हणालास रे?"

पानाने सिंकवरचा नळ भसाभस सोडला. कंपाउंडरला त्या दिवशी जेवण गेलं नाही म्हणतात.