त्या चार चौकटी माझ्या

बायको जाऊन आठ महिने झाले. ह्या आठ महिन्यांत मी रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं उघडलं नव्हतं. कोडं हे तिचं काम. ती सातवी शिकलेली, मी चौथी. ती ओट्यावर बसून पेन्सिलीनं भरायची आणि मी शेजारी तंबाखू मळत ऐकायचो. जनावरांचं, हत्यारांचं, पिकाचं काही आलं की मी सांगायचो. बाकी सगळं तिला यायचं. आमच्या आष्ट्याच्या बाजूहून ती साताऱ्याच्या पलीकडं कधी गेली नाही, पण कुठल्या देशाची राजधानी कुठली ते बसल्या जागी सांगायची.

एक गोष्ट मात्र ती लिहायची नाही, ती म्हणजे माझं नाव. माझं नाव कृष्णाच्या नावांपैकी एक आहे, चार अक्षरांचं. कोडी करणाऱ्या लोकांना ते का कुणास ठाऊक फार आवडतं, वर्षात एकदा-दोनदा येतंच. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही आमच्यातली जुनी रीत. हिनं ती कागदावरसुद्धा पाळली. त्या चार चौकटी मोकळ्या सोडायची आणि पेपर माझ्याकडं सरकवायची.

"हितं तुमचं काम हाय."

आडव्या शब्दाचं एखादं अक्षर त्या नावात पडत असलं, तर तेवढं अक्षरही सोडायची. मी म्हणायचो, "अगं, निस्तं एक अक्षर हाय ते. त्याला काय हुतंय?"

"लिवा गप. अक्षर लिवताना हात झिजत न्हाई तुमचा."

मग मी खिशातलं पेन काढून, सही करतात तसं दाबून चार अक्षरं लिहायचो. अख्ख्या कोड्यात माझ्या हातचं तेवढंच.

ती गेल्यापासून मुलगी दर रविवारी साताऱ्याहून फोन करते. पेपर आला का विचारते, कोडं बघा म्हणते, आणि मी चष्मा सापडत नाही म्हणतो. दिवाळी झाल्यावर एका रविवारी तिनं फोन केला आणि चष्म्याचं नावच काढू दिलं नाही.

"आण्णा, आज सगळं कोडं गुऱ्हाळावर हाय. हे तर तुमचंच."

"असंल."

"असंल काय? एवढं एक पुरं करा. न्हाई जमलं तर पेपर बंद करा, मी परत विचारणार न्हाई."

माझ्याही मनात तेच होतं. बायकोशिवाय एक कोडं पुरं होतंय का बघायचं. नाही झालं तर पेपरवाल्याला सांगायचं, उद्यापासून टाकू नको. म्हणून पेन घेऊन ओट्यावर बसलो. फोन चालूच ठेवला, मुलीपुढंही तोच पेपर होता.

वीस वर्षं मी गुळव्या होतो. गुळव्या म्हणजे गूळ शिजवणारा, रस कधी उतरवायचा ते ठरवणारा. त्यामुळं सुरुवात झटपट झाली. रसाची मोठी कढई, तीन अक्षरं. काहील. घट्ट व्हायच्या आधीचा पातळ गूळ, तीन अक्षरं. काकवी. मुलगी म्हणाली, "बघा, पळाय लागलाय तुमी."

पुढं होतं, 'गूळ तयार झाला हे कशानं कळतं?' चार अक्षरं. मी म्हटलं, बोटं. ती दोनच अक्षरं.

"आण्णा, तापमापी असंल."

"तापमापी ह्याच्या बापानं बघितली हुती का? थंड पाण्यात थेंब टाकायचा, बोटांत गोळी करायची, ताटलीवर आपटायची. वाजली की गूळ झाला."

"आता वापरत्यात, आण्णा."

वापरत असतील. लिहिली तापमापी. पण मला ते आवडलं नाही.

खरं भांडण त्याच्या खाली लागलं. 'काहिलीखाली हे जाळतात', तीन अक्षरं. मी न थांबता चिपाड लिहिलं. रस काढून झाला की उसाचं जे राहतं ते चिपाड. ते वाळवायचं आणि चुलवाणात घालायचं, त्याच्यावरच गुऱ्हाळ चालतं. पण चिपाडातल्या 'पा'पासून खाली एक पाच अक्षरी शब्द जात होता, 'जमिनीतून पाणी काढण्याची सोय'. मुलगी म्हणाली, "कूपनलिका."

"बोर म्हण की."

"बोर दोन अक्षरं. कूपनलिकाच हाय. म्हंजे तुमच्या 'पा'च्या जागी 'कू' पायजे. वरचा शब्द लाकूड असंल."

लाकूड. मी पेन खाली ठेवलं. ज्यानं हे कोडं केलं तो एका तरी गुऱ्हाळावर उभा राहिलाय का? अंगणात चिपाडाचे ढीग पडलेले असताना लाकूड कोण तोडत बसतंय? आणि कोड्याशेजारी फेटा बांधलेल्या माणसाचं चित्र काढून वर गुऱ्हाळ विशेष लिहायचं. मी 'पा' खोडला नाही. त्याच्या खाली कोपऱ्यात बारीक 'कू' लिहिला. कूपनलिका त्यांची, चिपाड माझं.

"असं चालत न्हाई, आण्णा."

"मला चालतंय."

बाकीचं तासाभरात भरलं. शेवटी चार चौकटी उरल्या. मुलीनं वाचलं, "कृष्णाचं एक नाव."

मी म्हटलं, "गुऱ्हाळात कृष्ण कुठनं आला? जागा उरली की देव भरत्यात ही लोकं."

"आण्णा, ते..."

"ठाऊक हाय."

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात बायको भाकरी घेऊन गुऱ्हाळावर यायची. इंजिनाचा हा आवाज. नावानं हाक मारायची नाही, म्हणून दारातनं ओरडायची, "आवं!" की सगळे गडी एकदम मागं बघायचे. त्यात दोघा-तिघांचं लग्न व्हायचं होतं, तेही बघायचे. गडी मला चिडवायचे, म्हणायचे, वहिनी कुणाची भाकरी घेऊन आली ते एकदा ठरवा. तरी तिनं रीत सोडली नाही. मीच मग तिच्या येण्याच्या वेळेला दाराकडं तोंड करून बसायला लागलो.

फोनवर मुलगी थांबली होती. मला वाटलं होतं, हेच जमायचं नाही. पण हात थांबला नाही. ह्या चौकटी पहिल्यापासून माझ्याच होत्या. चार अक्षरं दाबून लिहिली.

"झालं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं. पेपर चालू राहू दे."

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. लाकूडच छापलं होतं. मुलगी फोनवर हसली, "एक चुकलं तुमचं." मी म्हटलं, त्यांचं चुकलं. दोन ओळी लिहून पेपरला पाठवणार आहे, गुऱ्हाळ बघायचं असंल तर आमच्याकडं या म्हणून.

पुऱ्या झालेल्या कोड्यांची कात्रणं बायको बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. हेही कापून ठेवायला डबा काढला आणि जुनी चाळली. सगळीकडं तिची पेन्सिल, बारीक आणि सरळ. जिथं माझं नाव आलंय तिथं मधेच माझं पेन, जाडं, कागदाच्या पलीकडं उमटलेलं. नाव कुठं आहे ते लांबनंच कळतं.

मग माझं कात्रण बघितलं. त्यात नाव शोधावं लागलं. सगळं एकाच हातचं, एकाच पेनाचं.

ते मी वर ठेवलं नाही. सगळ्यांच्या खाली सरकवलं, तिची वर ठेवली आणि झाकण लावलं.