कोरड्या ओढ्यातली भिंत

गादीवालीला सगळी गल्ली मावशी म्हणायची, आणि तिच्या तोंडाला टरकूनही असायची. नवरा गेल्यावर गाद्या भरायचं काम तिनं एकटीनं चालवलं. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, लांब सुईनं टाके घालायचे; सगळं उघड्या अंगणात. त्या गावात पाऊस म्हणजे वर्षाकाठी चार शिंतोडे. छपरांना उतार नव्हता, गटारं नावापुरती. गल्लीच्या कडेनं एक कोरडा ओढा जायचा. नगरपालिकेनं त्यात गाड्या उभ्या करायला जागा केली आणि खालच्या अंगाला आडवी भिंत घातली.

मावशी कचेरीत जाऊन भांडली होती. इंजिनिअर हसला. "मावशी, या ओढ्यात पाणी बघितलंय का कधी?"

"मी नसेल बघितलं. पण एवढा ओढा काय कुणी हौस म्हणून खणला?"

तिला चहा पाजून वाटेला लावलं.

मग एका सकाळी भाचीचा फोन आला. भाची हवामान खात्यात नोकरीला होती.

"मावशी, काम आवर आणि टेकडीवरच्या शाळेत जा. आजच."

"का गं? ऊन तर रखरखतंय."

"गरम समुद्रावरून वाफेचा लांबच लांब पट्टा निघालाय, आभाळातून वाहणाऱ्या नदीसारखा. उपग्रहाच्या चित्रात स्वच्छ दिसतोय, सरळ आपल्या अंगावर येतोय. उंचावर थंड हवेचा पट्टा झोळीसारखा खाली झुकलाय, तो ही वाफ वर उचलणार. त्यात आपले डोंगर आडवे. वर्षाचा पाऊस एका दिवसात पडेल."

"नगरपालिकेला सांगितलंस?"

"कालच इशारा गेलाय. भोंग्याची गाडी फिरायला हवी होती एव्हाना."

गाडी फिरली नव्हती. मावशीनं सुई कापसात टोचली आणि दारोदार निघाली. बऱ्याच जणांनी चेष्टा केली, पण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा शाळा बरी म्हणून निघाले. कोपऱ्यावरचे चष्म्याच्या दुकानाचे काका मात्र हलेनात. त्यांनी काकूंना पुढे पाठवलं. "तू म्हणतेस ते खरं असेल गं, पण खरंच धोका असेल तर नगरपालिकेची गाडी येईल. गाडी आली की दुकान बंद करतो."

दुपारी आभाळ काळं झालं आणि पाऊस कोसळला तो थांबेचना. डोंगरावरून ओढा लाल होऊन आला, भिंतीला धडकला आणि मागे गल्लीत शिरला. शाळेच्या गच्चीवरून मावशीला आपलं अंगण बुडताना दिसलं. भिंत फुटली तेव्हा कोपऱ्यावरचं दुकान काकांसकट वाहून गेलं.

पाणी ओसरल्यावर नगराध्यक्ष आले, पायात कोरे करकरीत गमबूट. "आभाळच फाटलं. कुणाला कल्पना होती?"

काकू मान खाली घालून उभ्या होत्या. मावशी पुढे झाली. "कुणाला म्हणजे? माझ्या भाचीला होती. तिनं तुम्हाला कळवलं होतं. गाडी कुठे होती तुमची?"

"अहो, इशारे येतात. इथे कधी पाऊस पडतो का? उगाच लोकांना घाबरवायचं—"

"घाबरवलं असतं तर काका जगले असते! समुद्र कुठल्या कुठे, तिथून पाणी निघालंय हे तुम्हाला आदल्या दिवशी ठाऊक होतं, आणि वर ओढ्याला बूच मारून बसलात. आभाळाच्या नावानं बिल फाडू नका."

पुढच्याच आठवड्यात ठेकेदाराची माणसं भिंत पुन्हा बांधायला आली. मावशीनं भिजून दगड झालेली गादी गल्लीतल्या दोघींच्या मदतीनं फरफटत नेली, भगदाडात टाकली आणि वर बसली. काकू शेजारी बसल्या. संध्याकाळपर्यंत गल्ली बसली. ठेकेदारानं फोन लावले, पोलीस येऊन परत गेले. भिंत काही झाली नाही, आणि महिन्याभरात नगरपालिकेला उरलेलीही पाडावी लागली.

चौकशीही झाली. अहवालात आलं, 'अनपेक्षित नैसर्गिक घटना'. इंजिनिअरला बढती मिळाली. भाचीला मात्र बाहेर बोलल्याबद्दल समज दिली गेली.

वर्ष सरताना नगरपालिकेचा माणूस दारात आला. लोकांचे जीव वाचवले म्हणून मावशीचा सत्कार करायचा होता.

"कोण करणार सत्कार?"

"नगराध्यक्ष."

मावशीचा आवाज चढला नाही. "त्यांना सांग, आधी काकूंच्या घरी जा आणि गाडी का पाठवली नाही ते स्वतःच्या तोंडानं सांगून या. मग माझ्याकडे यायचं की नाही ते मी ठरवीन."

कुणी आलं नाही.