लांबचं दिसायला हवं

इथे परमुलखात कंपनीत रंगाचा डबा उघडला की पेणचा गणपतींचा कारखाना आठवतो. मी शाळा सोडली तरी तिथे मूर्तींचे डोळे आखून आईने मला पोसलं. तिच्या मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "लेन्स एकाच अंतराची आहे. जवळचं स्पष्ट हवं की लांबचं? दुसऱ्याला चष्मा लागेल." आई म्हणाली, "लांबचं." मी चिडलोच, "आये, मग आखणी कशी करशील गो?" "चष्मा लावीन की! मागल्या खेपेला तू समजून भलत्याच पोराला हाक मारली, सगळी आळी हसली. तू फाट्यावर उतरलास की दारातनं दिसायला हवास." नोकरी जाईल या भीतीने यंदाही मी रजा टाकली नाय. शेजारीण सांगते, काम आटपलं की ती चष्मा काढून दारात बसते.