खटाक् न करणारा कॅमेरा

दिवाळीपासून आमच्या घरात कॅमेरा बदलायचा की नाही यावर बोलणं चाललं होतं आणि मला त्याचा अगदी वीट आला होता. कॅमेरा माझा, दुखणारं मनगट माझं, आणि मतं मात्र सगळ्यांची.

माझा जुना कॅमेरा तुम्ही नातवंडांनी पाहिलेला आहे. त्याच्या पोटात एक आरसा असतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो आणि खटाक् असा आवाज होतो. नव्या कॅमेऱ्यांत आरसाच नसतो, म्हणून ते हलके. गणपतीत आरतीचा फोटो काढताना मनगटात कळ आली आणि कॅमेरा समईवर आदळता आदळता राहिला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, एवढं वजन यापुढे उचलायचं नाही. म्हणजे हलका कॅमेरा घ्यायचा, नाहीतर घरातले फोटो काढणं सोडायचं. इतकं सोपं होतं.

तुमच्या आजोबांना ते सोपं वाटेना. आयुष्यभर ओझरच्या कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासलेले. तिथे एक स्क्रू बदलायचा तरी चौघांच्या सह्या लागत.

"जुन्या लेन्स वाया जातील," ते म्हणत. "पण अडॅप्टरची कडी लावून नव्या कॅमेऱ्यावरही त्याच वापरता येतात म्हणे."

"अहो, पण जड तर त्या लेन्सच आहेत."

"हं, तेही आहेच." असं म्हणून ते पुन्हा लॅपटॉप उघडायचे.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, मोबाइलवर काढ ना." मी त्याला जेवलास का ते विचारलं.

शेवटी कॉलेज रोडच्या कॅमेऱ्याच्या दुकानदाराने ओळखीवर एक नवा कॅमेरा वापरून पाहायला दिला. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडेच होतं. वाण वाटून झाल्यावर मी सगळ्या बायकांना सोफ्याजवळ उभं केलं आणि फोटो काढला. कोणी हलेना.

"काढ की गं, माझे गुडघे बोलायला लागले," मोठ्या जाऊबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"काढला, वहिनी."

"कधी? आवाज कुठे आला?"

पुन्हा काढला. पुन्हा सगळ्या तशाच ताठ, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारख्या.

तुम्हाला एक गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. आपल्या भिंतीवरचे जे फोटो तुम्हाला आवडतात, ते सगळे दुसरे आहेत. कॅमेरा समोर आला की आपली माणसं श्वास रोखून धरतात. खटाक् झालं की सुटतात. कोणी पदर सावरते, कोणी शेजारणीला चिमटा काढते. तेव्हा मी पुन्हा बटण दाबते. पहिला फोटो नुसता त्यांना मोकळं करण्यापुरता. आता तो आवाजच नव्हता, आणि आवाजाशिवाय माझ्या हाती नुसते पुतळे लागत होते. म्हणजे मनगट वाचवायचं तर फोटो गेले.

आजोबा लगबगीने आले. "आवाज लावता येतो, मेनूत आहे. थांब." त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, सोबत आलेलं सूचनांचं पुस्तक उघडून बरंच काही दाबलं. आवाज आला तो पाल चुकचुकावी एवढा. बांगड्या आणि गप्पांत तो कोणाला ऐकू जाणार?

"अजून एक सेटिंग आहे," ते म्हणाले. बायका अवघडल्या होत्या. गॅसवरचा चहा उकळून उकळून कडू झाला असणार. मी कॅमेरा त्यांच्या हातातून ओढूनच घेतला, डोळ्याला लावला आणि वैतागून म्हणाले, "झालं गं बायांनो, सुटा एकदाच्या."

त्या सुटल्या. जाऊबाई धपकन सोफ्यावर बसल्या, त्यांच्या हातातले तिळाचे लाडू घरंगळले, ते पकडायला तिघी वाकल्या आणि एकमेकींवर आदळून हसत सुटल्या. माझ्या बोटाने सवयीने बटण दाबलं होतं.

मागच्या पडद्यावर तो फोटो पाहून जाऊबाई म्हणाल्या, "तू तर झालं म्हणालीस. खोटारडी."

"पुढच्या वेळीही म्हणणार आहे, वहिनी."

"मग ठरलं का?" आजोबांनी विचारलं. "अजून दुसऱ्या कंपनीचा बघायचा राहिलाय."

"तुम्ही बघा. हा मी परत देत नाही," मी म्हणाले आणि चहा पुन्हा टाकायला गेले.

तो फोटो सोबत पाठवते आहे. फोटो जरा तिरका आलाय, आणि कोपऱ्यात आजोबा अजून सूचनांचं पुस्तक वाचत आहेत.