बोट पुढच्या वेळी

तर्रीचा तिखट वास नाकात गेला आणि सुमनआत्या आठवली.

आम्ही तेव्हा ठाण्यात राहायचो. गावचा पाहुणा आला की त्याला फिरवणं हे बाबांचं काम. सकाळी मिसळ, मग कौपिनेश्वराचं देऊळ, संध्याकाळी तलावपाळीला भेळ. तळ्यातल्या बोटीत मात्र ते कोणालाच बसवायचे नाहीत. "बोट पुढच्या वेळी," म्हणायचे. काहीतरी बघायचं राहिलं की माणूस परत येतो, असं त्यांचं ठाम मत.

त्यांची मोठी बहीण, ही सुमनआत्या, गुहागरहून इथल्या डॉक्टरांना दाखवायला आलेली. रिपोर्ट घेऊन दोघं घरी आले आणि बाबा एकदम म्हणाले, "चला, आज बोटीत बसू."

मी उड्याच मारल्या. आत्याने पाण्यात बोटं बुडवली आणि काठावरचे दिवे बघत राहिली. "किती छान रे," एवढंच म्हणाली. बाबा पायडल मारायचे थांबले आणि तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत बसले. मला वाटलं, दमले.

आत्या परत आली नाही.

बाबा हल्ली डोंबिवलीला दादाकडे असतात. आज त्यांना ठाण्यात डॉक्टरांना दाखवलं आणि मिसळ खायला थांबलो. त्यांना अर्धा पावही संपला नाही. तोंड पुसत म्हणाले, "अगं, वेळ आहे तर बोटीत बसू या का?"

"नको," मी घाईघाईने म्हटलं. "बोट पुढच्या वेळी."

बाबा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "येईन मग."