मंदिराबाहेर थांबलेले बाबा

गेल्या जानेवारीत बाबा वर्ध्याहून आमच्याकडे उत्तरेत, अलीगंजला राहायला आले होते. माझ्या ऑफिसातल्या एका जैन बाईंनी आग्रहच धरला, "अंकलना जुन्या शहरातल्या 'चौक' भागातली आमची मंदिरं मी दाखवणार." रविवारी सकाळी धुक्यातच आम्ही तिघं ई-रिक्षाने निघालो.

चौकातल्या गल्ल्या अशा, की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. अशाच एका गल्लीत, साध्याशा दारामागे मंदिर होतं. बाईंनी मला चामड्याची पर्स बाहेर ठेवायला सांगितली. बाबा लगेच म्हणाले, "तुम्ही जा. मी थांबतो पर्सजवळ."

"अंकल, आइए ना," बाई म्हणाल्या.

"नहीं नहीं, हम ठीक हैं."

आत संगमरवरी मूर्ती होत्या, भिंतींवर सोनेरी वेलबुट्टी होती. माझं लक्ष मात्र बाहेरच. बाईंनी हळूच विचारलं, "अंकल नाराज़ हैं क्या?"

मी त्यांना सांगितलं, की आम्ही बौद्ध, बाबांना लहानपणी गावातल्या देवळातून हाकलून दिलं होतं, आणि तेव्हापासून ते कुठल्याच देवळाची पायरी चढत नाहीत. पायरी न चढण्याचं मी तिथल्या तिथे मनानेच जोडलं. सांगताना माझा आवाज जड झाला होता आणि, काय सांगू, बरंही वाटत होतं. बाईंचे डोळे भरून आले.

बाहेर येताच त्या थेट बाबांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "अंकल, जो आपके साथ हुआ, उसके लिए हमें माफ़ कर दीजिए."

बाबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "क्या हुआ?"

"वो… इसीलिए तो आप अंदर नहीं आए."

"अरे नहीं बेटा. मोज़ा फटा है." त्यांनी बुटातून पाय वर काढला. अख्खी टाच बाहेर आली होती.

बाईंना हसू फुटलं आणि तिथेच विरलं. माझे कान तापले. बाबा माझ्याच घरात राहत होते, त्यांचे मोजे माझ्याच दोरीवर वाळत होते. ते भोक मला दिसलं नव्हतं आणि त्यांचं दुःख मात्र मी परस्पर वाटून मोकळी झाले होते.

तिथून इमामबाडा, म्हणजे शिया मुस्लिमांची जुनी वास्तू, बघायला जाताना बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. बाबांनी खालच्या आवाजात विचारलं, "तिले काय सांगितलं तू?"

मी सांगितलं.

"ते माह्यासंग नाही झालं. मोठ्या भावासंग झालं. मी तं लिंबाखाली भेऊन उभा होतो." मग म्हणाले, "अन् आपण अशी गोष्ट कोणालेही सांगत फिरतो काय?"



इमामबाड्यात बुटांबरोबर त्यांनी मोजेही काढले, पँटच्या खिशात कोंबले आणि गार फरशीवर अनवाणी चालू लागले. बाईंच्या बरोबरीने चालत आपल्या मोडक्या हिंदीत त्यांनीच सुरुवात केली, "बेटा, वो मैं नहीं था. मेरा बड़ा भाई था."

"फिर उन्होंने क्या किया?"

"करेगा क्या, गाँव छोड़ दिया. मेरे को शहर में बुलाके पढ़ाया."

हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. बाई विचारत होत्या, बाबा सांगत होते, मधूनच हसतही होते. मी दोन पावलं मागे राहून, वरचं झुंबर बघत असल्यासारखं दाखवत, ऐकत होते.