भिकनचे तळवे

भिकनच्या आधीची माझी दोन मुलं वर्षाच्या आतच गेली. म्हणून सासूबाईंनी याचं नाव भिकन ठेवलं, आणि म्हणूनच याला कुणी कधी अर्धपोटी उठू दिलं नाही. शाळेत जाऊ लागला तेव्हा वर्गातली मोठी मुलंही त्याच्यापुढे किरकोळ दिसत. चालताना त्याचे पाय फताडे पडत. आम्हाला ते बाळसं वाटे.

त्याला पोलिसात जायचं होतं. आमच्या वस्तीत खाकी यायची ती कुणाला तरी न्यायलाच. "आई, मी नुसता वर्दीत घरी चालत आलो तरी बास," असं तो म्हणायचा.

१९७८ साली तो भरतीच्या वयाचा झाला. माझा भाऊ धोंडीराम नुकताच लष्करातून निवृत्त होऊन आला होता. त्याने भिकनला ओल्या पायांनी अंगणातल्या फरशीवर उभं केलं आणि सबंध उमटलेला ठसा बघून हसला. "भाच्या, हा पाय नाय, पाटा हाय. असा सपाट तळवा घेऊन भरतीला गेलास तर उभ्या उभ्या परत पाठवतील." वजन उतरव, तळवा आपोआप उचलेल, असंही त्याने सांगितलं. पलटणीत त्याने तसं पाहिलं होतं म्हणे.

भिकन पहाटे गंगापूर रोडने धावू लागला. भात सोडला, साखर सोडली, मग रात्रीचं जेवणच सोडलं. गालाची हाडं वर आली. अंघोळ झाली की तो मोरीच्या भिंतीला हात टेकून फरशीवर पाय उमटवी आणि मला हाक मारी. ठसा खरोखरच अरुंद होत होता. पुढेपुढे त्यात आतल्या बाजूला कोरडी फट दिसू लागली. त्याच्या रिकाम्या पोटाची मला धास्ती होती, पण ती फट बघून मी जेवणाचा आग्रह सोडला.

भरतीत उंची, छाती, धावणं, सगळं पार पडलं. शेवटी डॉक्टरांनी ओल्या गोणपाटावरून सिमेंटवर यायला सांगितलं आणि हात वर करून एका पायावर उभं केलं. तिथे टेकायला भिंत नव्हती. अंगाचा सगळा भार त्या तळव्यावर आला आणि ठसा सबंध उमटला. घरी भिंतच त्याचा भार घेत होती, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लहानपणापासून जास्त वजन पेलून कमान बसली असावी, आता बारीक होऊन ती उठेलच असं नाही, असं डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं.

पुढच्या वर्षी तो आणखी वाळून भरतीला गेला आणि तसाच परत आला. धोंडीरामने आमच्याकडे येणं कमी केलं. भिकन एका छापखान्यात लागला. यथावकाश लताशी लग्न झालं. तो जेवू लागला, पण थोडंच.

आता त्याला मुलगा झालाय. कामावरून आला की तो बाळाला मांडीवर घेतो आणि अंगठ्याने तळवे चाचपत राहतो. परवा लताला म्हणाला, याचं वरचं दूध बंद कर, अंगावरचं पुरे. बाळ आठ महिन्यांचं आहे.

मी म्हटलं, "अरे, तान्ह्या मुलांचे सगळ्यांचेच तळवे असे भरलेले असतात."

"माझेही तसेच होते ना, आई?"



आता तो छापखान्यात गेला की लता बाळाला दूध पाजते, नाचणीची पेज भरवते. तेवढा वेळ मी दाराशी बसते. त्याची सायकल दिसली की तिला सांगते, आणि ती घाईघाईने बाळाचं तोंड पुसते.